आईचा बिल्ला

शुक्रवारची रात्र. सव्वानऊ. महापेच्या आमच्या ऑफिसात एसी जरा जास्तच इमानदारीने काम करत होता आणि फ्लोअरवर उरलेला एकमेव बिचारा, म्हणजे मी, न्यू जर्सीच्या क्लायंटबरोबर कॉलवर बसलो होतो. तिकडच्या सर्व्हरने मान टाकलेली. तो पुन्हा उठेपर्यंत दोघांनाही काही काम नव्हतं. अशा वेळी हवामानावर बोलायचं असतं, हे आपल्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं. आमचं हवामान तीन मिनिटांत संपलं.

मग हा बाबा थेट त्याच्या पणजीवर घसरला. आडनाव ‘ई’काराने संपणारं, तेव्हा घराणं इटालियन हे मला माहीत होतं. पणजोबा आधी एकटेच अमेरिकेला गेले. रेल्वेच्या रुळांवर गिट्टी टाकायला. पाच वर्षांनी, १९१२ साली, पणजी कॅलाब्रियातून बोटीने न्यूयॉर्कला उतरली. दोन खोल्यांचं घर, आणि त्यात तिने नवऱ्याच्या गावाकडचे सहा पुरुष जेवायला-राहायला ठेवले. त्यांचं रांधायचं, त्यांचे कपडे धुवायचे, त्यातून पोरांना शिकवायचं. “आम्ही अजून तिच्याच जिवावर जगतोय,” तो म्हणाला. “आम्ही इमिग्रंट लोक. तुमचं कसं? तुम्ही मूळचे तिथलेच ना?”

“हो,” मी म्हणालो. “नवी मुंबईचेच.”

सर्व्हर उठला. कॉल संपला. आणि रिक्षाने तीन टाकीला येईपर्यंत मला हसू यायला लागलं. नवी मुंबईचे मूळचे? बॉस, नवी मुंबईचे मूळचे म्हणावेत असे लोक म्हणजे इथल्या गावठाणातले आगरी-कोळी. १९७० मध्ये सिडको आली आणि त्यांच्या भातशेतीवर, मिठागरांवर आपले सेक्टर उगवले. बाकी आपण सगळे कुठून तरी आलेलेच. कुणी दादरहून, कुणी केरळातून, कुणी जळगावहून. फक्त फ्लॅट घेतल्यावर माणूस ते सोयीस्कर विसरतो. आणि मी तर त्याच्याही पुढचा. कॉलेजात असताना कुणी “कुठे राहतोस?” विचारलं की मी “वाशी” म्हणायचो. आणखी खोदलं तर “वाशीजवळ”. कोपरखैरणे हा शब्द तोंडातून काढायला मला नोकरी लागावी लागली. (तुमच्यातल्या किती जणांचं ‘ठाणे’ प्रत्यक्षात दिवा आहे, ते मी विचारत नाही.)

घरी आलो तर आई जागीच. ताटावर ताट झाकून बसलेली. मी जेवता जेवता तिला त्या इटालियन पणजीची गोष्ट सांगितली आणि शेवटी टाकलं, “म्हणजे बघ आई, तूपण तशीच. तूपण गाव सोडून इकडे आलीस.”

आईने माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, “मी कुठं आले? मला आणली.”

आणि दिवा मालवून झोपायला गेली. मी मात्र बसलो जागा.

तर, तिला आणली ती १९९० च्या मे महिन्यात. जावळी तालुक्यातल्या एका डोंगरातल्या गावातून. जावळी म्हणजे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि डोंगराच्या उतारावर रुमालाएवढी वावरं. नाचणी, भात, थोडा घेवडा. भावाभावांत वाटण्या झाल्या की रुमालाच्याही चिंध्या. आईच्या आईचं माहेर तर कोयना धरणाच्या शिवसागरात गेलेलं. तिकडे मुलगा मिसरूड फुटायच्या आत मुंबईला जातो, हा जणू तालुक्याचा सिलॅबस. आबाही गेले. १९८४ मध्ये, सोळाव्या वर्षी. वाशीचा कांदा-बटाटा बाजार तेव्हा नवा होता. १९८१ मध्ये तो मुंबईतून इकडे हलवलेला. आबा त्या बाजारात गोणी उचलायला लागले आणि रात्री गाळ्यावरच, बारदानावर झोपायला लागले. सहा वर्षं.

मग लग्न. मेढ्याहून एसटी, जुन्या खंडाळ्याच्या घाटाने (एक्स्प्रेसवे अजून कागदावरही नीट नव्हता), आणि पहाटे तुर्भ्याला हायवेवर उतरणं. आई सांगते, तिच्याकडे एक ट्रंक होती, एक पितळेची परात आणि डांगराच्या पिठाचं गाठोडं. आबांच्या चुलत्यांना कोपरखैरण्यात माथाडींसाठीच्या वसाहतीतलं बैठं घर मिळालेलं. इवलंसं. एक खोली, मागे मोरी, पुढे चार पावलांचं अंगण. चुलते गावी परतले, घर आबांकडे आलं. आईला वाटलं, चला, दोघांचा संसार.

दारात आठ पुरुष उभे होते.

आबांची टोळी. सगळे गाववाले, सगळे एकटे, सगळे वडापाव खाऊन कंटाळलेले. आबांनी लग्नाच्या आधीच त्यांना शब्द देऊन ठेवला होता: घरात बाई येऊ द्या, मग आपल्यात जेवा. आईला अर्थातच कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने ट्रंक ठेवली, परात काढली, आणि त्या दुपारपासून पुढे मी सातवी-आठवीत जाईपर्यंत ती परात मोरीपलीकडे कुठे गेली नाही.

इथे जरा माथाडींविषयी. आपण रोज पामबीच रोडने जातो, एपीएमसीच्या ट्रॅफिकला शिव्या घालतो आणि त्या भिंतीआड काय चालतं याचा आपल्याला पत्ता नसतो. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. एके काळी शंभर-शंभर किलोची गोणी, ना ठरलेली मजुरी ना सुट्टी; पाठ मोडली की घरचा रस्ता. या लोकांना अण्णासाहेब पाटलांनी एकत्र केलं. ते पाटण तालुक्यातले, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. टोळीची नोंद माथाडी मंडळात, व्यापारी मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरणार, आणि मंडळ त्यातून पगार, फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचे पैसे देणार. ज्या माणसाचा मालक रोज बदलतो त्यालाही पीएफ असू शकतो, ही आयडिया आजच्या डिलिव्हरीवाल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवी. अण्णासाहेबांनी २२ मार्च १९८२ ला मुंबईत मराठा आरक्षणासाठी मोर्चा काढला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःवर गोळी झाडून घेतली. आमच्या घरात त्यांचा फोटो देवांच्या रांगेत आहे. आबा आंघोळ झाली की आधी तिकडे हात जोडतात.

तर आबांना बिल्ला होता. धातूचा, नंबरचा. लहानपणी मला तो पोलिसाच्या बिल्ल्यासारखा वाटायचा. २०१९ मध्ये आबा निवृत्त झाले तेव्हा फंड आला, ग्रॅच्युइटी आली, टोळीने शाल-श्रीफळ दिलं. पस्तीस वर्षांचा हिशेब, पै न् पै, कुठल्या तरी रजिस्टरात होता.

आईचा हिशेब कुठेच नव्हता.

म्हणून मग शनिवारी मी काय केलं? आपल्यासारखा माणूस जे करतो तेच. लॅपटॉप काढला, एक्सेल उघडलं. आठ माणसं. माणशी सकाळी तीन भाकरी, रात्री तीन. झाल्या ४८. वर्षातले ३५ दिवस सोडले, कारण चैत्रात यात्रेला आणि गणपती-दिवाळीला सगळी टोळी गावी जायची. राहिले ३३० दिवस. मी धरली चौदा वर्षं. उत्तर आलं २,२१,७६० भाकरी. घरच्यांच्या वेगळ्या, त्या धरल्याच नाहीत. भाकरीला शंभर ग्रॅम पीठ म्हटलं तरी बावीस टन. पन्नास किलोच्या गोण्यांत मोजलं तर ४४३ गोण्या.

मी ते आबांना दाखवलं. आबा पेपर वाचत होते. चष्मा वर केला, आकडा पाहिला, परत पाहिला. “चारशे त्रेचाळीस?” म्हणाले. “म्हंजी दोन गाड्या.” कांदा-बटाटा बाजारातल्या माणसाला टन कळत नाहीत, गाड्या कळतात.

आईला दाखवलं तर तिने आधी चूक काढली. “चौदा न्हाय, सोळा वर्सं. दोन हजार सहापातूर.” बरं. मी आकडा बदलला. २,५३,४४० भाकरी, ५०६ गोण्या. “आन् तुझ्या येळंचे दिस धर. तुला घिऊन दवाखान्यातनं आले त्याच्या आठव्या दिशी चूल पेटवली.” बाळंतपणाच्या रजेचा कॉलम मी कापला. “आन् कालवण?” कालवणाचा कॉलमच नव्हता. “आन् पानी?” पाणी. नळाला तेव्हा पहाटे पाणी यायचं आणि आठ पुरुषांच्या आंघोळी सहाच्या आत उरकायच्या असायच्या, त्यामुळे आई तीनला उठायची. हे मी सोळा वर्षांतल्या निदान आठ वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि तरी माझ्या शीटमध्ये नव्हतं. अर्ध्या तासात माझ्या एक्सेलची पार रया गेली. शेवटी ती म्हणाली, “राहू दे. ह्याचा काय पगार व्हनार हाय का?” आणि लसणाची परडी माझ्यापुढे सरकवली.

लसणाचंही एक आहेच. खानावळीचे माणशी अडीचशे रुपये महिना, तेही कुणी उशिरा द्यायचं, कुणी गावाकडे कुणी वारलं म्हणून द्यायचंच नाही. तेव्हा आई वाशीच्या हॉटेलांसाठी लसूण सोलायला घरी आणायची. दुपारी ती, मी आणि धाकटी बहीण परातीभोवती बसायचो. वर्गात माझ्या बोटांना वास यायचा. बाकावरचा मुलगा वही लांब सरकवायचा.

त्या रात्री क्लायंटच्या पणजीच्या निमित्ताने मी नेटवर जुने फोटो पाहत बसलो होतो. लुईस हाइन नावाचा फोटोग्राफर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत हिंडला, बालमजुरीचे पुरावे गोळा करायला. त्यात इटालियन घरांचे बरेच फोटो आहेत. टेबलाभोवती आई आणि पोरं बसलीत आणि कागदा-कापडाची फुलं बनवतायत. श्रीमंत बायकांच्या हॅटवर लावायला. पोरं चार-पाच वर्षांची. सगळ्यांची मान खाली, आई तेवढी कॅमेऱ्याकडे बघतेय. टेबलाच्या जागी परात ठेवा आणि फुलांच्या जागी लसूण, बास. १८८० ते १९२४ या काळात चाळीसेक लाख इटालियन अमेरिकेत गेले, बहुतेक गरीब दक्षिणेतून. आधी पुरुष जायचे, हंगामभर राबून पैसा गावी धाडायचे, बरेच परतही जायचे. आपल्या खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोंसारखे. बायका आल्या तेव्हा कुठे त्या माणसांचं तिथे घर झालं.

आमच्याकडेही तेच झालं, फक्त ते मला कधी दिसलं नव्हतं. आबांचा पगार कोपरखैरण्यात खर्चच व्हायचा नाही! तो गावी जायचा. काकांची लग्नं, आत्याचं बाळंतपण, विहिरीचं बांधकाम, यात्रेची वर्गणी, गावाच्या मुंबई मंडळाची वर्गणी. कोपरखैरण्याचं घर चालायचं आईच्या खानावळीवर आणि लसणावर. माझी इंग्लिश मीडियमची फी, क्लास, पहिला सेकंडहँड कम्प्युटर, सगळं त्यातूनच. २००७ मध्ये घरावर मजला चढला, कोपरखैरण्यात सगळ्यांच्याच घरांवर चढतात तसा. त्याच्याही विटा भाकरीच्याच.

आणि असं नाही की हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गिरणगावात हजारो बायका अशाच गिरणी कामगारांच्या खानावळी चालवायच्या. सावकाराकडून रेशनला पैसे घ्यायच्या आणि व्याजात बुडायच्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी दादरला ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेने खानावळवालीला कर्जदार मानलं, म्हणजे तिचा धंदा हा धंदा आहे असं कागदावर आलं! प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्या गेल्या. मी आईला विचारलं, तुला माहीत होतं का असं काही? ती म्हणाली, “मला स्टेशन कुठं हाय ते म्हाईत नव्हतं.” बरोबरच आहे. तेव्हा आमच्याकडे स्टेशन होतंच कुठे! कोपरखैरण्याहून ठाणे-वाशी लोकल धावायला २००४ उजाडलं.

आता जे सांगतोय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

२००५. मी आठवीत. वाशीच्या शाळेतला एक मित्र माझी सायन्सची वही न्यायला अचानक आला. वडिलांच्या गाडीतून. मी पत्ता नेहमीप्रमाणे गोलमोल दिलेला, पण तो विचारत विचारत पोचलाच. दुपारची वेळ. खोलीत चार पुरुष बनियनवर आडवे, दोन अंगणात जेवतायत, आणि दारातच स्टोव्हपुढे आई, कपाळावर पिठाचा हात, पदर खोचलेला. मी गल्लीच्या तोंडाशी धावलो. पण त्याने पाहिलं होतं. “ही कोण?” त्याने विचारलं.

मी म्हणालो, “त्या आमच्याकडे स्वयंपाकाला आहेत.”

आवाज बराच मोठा होता. गल्ली अरुंद. आईने ऐकलं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. ती उठली, हात पुसले, आत गेली आणि वही घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, तुमची वही.”

तुमची. आईने मला.

मित्र गेला. ती परत स्टोव्हपाशी बसली. रात्री मला नेहमीसारखी पहिली भाकरी मिळाली, पापुद्रा सुटलेली. त्यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. त्या दिवशी नाही, आजतागायत नाही. मध्यंतरी मला वाटायचं, ती विसरली असेल. पण शनिवारी लसूण सोलता सोलता मी उगाच म्हटलं, “आई, शाळेत असताना मी जरा शहाणपणा करायचो नाही?” तर ती म्हणाली, “शाना व्हतास म्हनून तर शिकलास.” आणि एक पाकळी माझ्याकडे फेकली. विसरली नाहीये.

हे सगळं आत्ताच का उकरून काढतोय? कारण घरात सध्या एक मीटिंग चालू आहे आणि ती संपायचं नाव घेत नाही. मी उलव्याला टू बीएचके बुक केलाय. (ईएमआयचा विषय काढू नका, प्लीज.) माझं म्हणणं, कोपरखैरण्याचं घर विकू आणि सगळे तिकडे जाऊ. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, आईने आता आराम करावा. आबांचं म्हणणं, गावी जाऊ. तिथे नवं घर बांधलंय, ते कुलूप लावून पडलंय, आईने आता आराम करावा. आम्ही दोघं तीन महिने भांडतोय, दोघांनाही आईच्या आरामाचीच काळजी. आणि तिला विचारलं कुणीच नाही. जनगणनेत स्थलांतराचं कारण विचारतात: नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न. आपल्या देशात बायकांचं सगळ्यात मोठं उत्तर ‘लग्न’ असतं. तीही तसंच काहीतरी सांगेल, असं आम्ही गृहीत धरलेलं.

गेल्या महिन्यात तिला सॅम्पल फ्लॅट दाखवायला नेलं. मार्केटिंगची मुलगी उत्साहाने सांगत होती: “आंटी, हे ओपन किचन. म्हणजे कुकिंग करताना तुम्ही फॅमिलीबरोबर राहू शकता.” आईने ओटा पाहिला, हॉल पाहिला, मधली गायब भिंत पाहिली.

“म्हंजी समद्यांनी सोफ्यावर बसून बघायचं व्हय, बाई कशी राबती ते?” ती मला म्हणाली. “असलं एक हाय की आपल्याकडं. एकोनीसशे नव्वदपास्नं.”

मुलगी हसली. मीही हसलो. पण परतीच्या रिक्षात मला ते काही केल्या पचेना, आणि त्या रविवारी रात्री मी शेवटी सरळ विचारलं. आबांच्या समोर. “आई, तुला कुठे राहायचंय?”

ती काहीच बोलली नाही. वाटलं, ऐकू गेलं नसेल. परत विचारलं. तेव्हा म्हणाली, “थांब की. एवढ्या वर्सांनी इचारलंस, मला जरा इचार करू दे.”

आबा म्हणाले, “यात इचार काय करायचा?” आणि ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. आबा बडीशेप शोधायला उठले.

विचार तिने अकरा दिवस केला. तेवढ्या दिवसांत मला तिच्याबद्दल बऱ्याच गोष्टी कळल्या, ज्या एकाच घरात राहून कळल्या नव्हत्या. दर मंगळवारी ती सेक्टरमधल्या बायकांची भिशी चालवते आणि वही स्वतः लिहिते. रात्रीच्या प्रौढवर्गात शिकलेलं अक्षर, शून्य जरा मोठं. भजनी मंडळात पेटीवाली नसली की झांज तिच्याकडे असते. गल्लीतल्या नव्या सुना गावाकडून आल्या की पहिल्या आठवड्यात तिच्याकडे येतात: नळाची वेळ, रेशनचं दुकान, दवाखाना, कोणत्या सासूपुढे काय बोलायचं नाही. म्हणजे बाईसाहेबांचं स्वतःचं हेल्पडेस्क आहे! गावी यातलं काय आहे? गावी ती अजून अमक्याची सून. उलव्यात ती आमची आई. ती आहे तेवढी इथेच आहे. हे माझं विश्लेषण, तिचं नाही. ती असलं काही बोलत नाही.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, मी सकाळी उठलो तर ओट्यावर चहा झाकलेला आणि घरात सामसूम. आबा दारात गोंधळून उभे. “ती गेली,” म्हणाले.

“कुठे?”

“गावाला. यष्टीनं. म्हनली, बायकांना अर्धं तिकीट हाय.”

आहेच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण आई चौतीस-पस्तीस वर्षांत एकदाही एकटी गावी गेलेली नाही. यात्रेला टोळीच्या गाडीतून, लग्नाला आबांबरोबर, आजीच्या दहाव्याला माझ्याबरोबर. मी तिला फोन लावला. पिशवीच्या तळाशी असणार, उचलला नाही. मी ऑफिसला ‘फॅमिली इमर्जन्सी’ असा मेल टाकला आणि मग बसलो. इमर्जन्सी म्हणजे नेमकी काय, ते सांगता आलं नसतं.

दुपारी जेवायचं काय, हा प्रश्न आला. बायको डबा घेऊन कामावर गेलेली. मी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून चार भाकरी आणि पिठलं आणलं. आबा ताटावर बसले. एक घास खाल्ला.

“केवढ्याला?”

“वीसला एक.”

आबांनी भाकरी उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली, एखाद्या गोणीचं वजन अंदाजावं तशी. खाली ठेवली. “एक वीसला,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि बराच वेळ त्यांचा हात ताटावर नुसताच राहिला. माझा लॅपटॉप शेजारीच होता. मी तो उघडला नाही.

साडेतीनला फोन वाजला. मागे गाड्यांचा आवाज, कंडक्टरच्या हाका.

“आई! कुठे आहेस? कुणाबरोबर गेलीस?”

“मेढ्यात उतरले. कुनासंगं बी न्हाय,” ती म्हणाली. थोडी धापा टाकत होती, पण आवाज टवटवीत. “माझी मीच आले.”

“आणि घराचं? काय ठरवलंस?”

“चार दिस इथं ऱ्हाते, मग सांगते. तवर कुनी काय इकू नगा.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, “परडीतला लसूण ऱ्हायलाय बघ. बसल्या बसल्या दोघं मिळून सोला.”